'होय साहेब'चा आठवडा

मंगळवार, दि. ४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, फक्त माझी नोकरी जायची वेळ आली आहे. आमच्या नऊ मजली ऑफिसातल्या लिफ्टच्या दाराचा कॉन्टॅक्ट झिजलाय, ती मधेच अडकेल, दोन दिवस बंद ठेवू, असं मी मोठ्या साहेबांना सांगितलं. मेकॅनिकने मला शिकवू नये, म्हणाले. मी म्हटलं, मी कशाला, लिफ्टच शिकवेल. तेही चारचौघांत! लगेच इंग्रजीत मेमो: 'गिव्हिंग लिप'. सोमवारपर्यंत लेखी खुलासा, नाहीतर घरी बसा. तू इंग्रजीचा मास्तर. अर्थ कळव आणि खुलासाही तूच लिही.

मामीला नमस्कार. तिच्याइतकं फटकळ बोलणं मला कधी जमणार?

तुझ्या मायेवर विसंबलेली,
पक्कड

गुरुवार, दि. ६

चि. पक्कड हीस,
अ. उ. आ.

अर्थ: वरच्याला उलटून बोलणे. वापर: फक्त वरून खाली. साहेब वाट्टेल ते बोलले तर मार्गदर्शन. तू खरं बोललीस की लिप. वर्गात एखादं पोर माझी चूक दाखवतं तेव्हा मीही हाच शब्द वापरतो, म्हणून पक्का ठाऊक.

खुलासा एका ओळीचा दे: 'यापुढे साहेबांशी "होय साहेब" याखेरीज काही बोलणार नाही.' हेडमास्तरांपुढे मी वीस वर्षं हेच करतोय. बघ, अजून साधा मास्तरच आहे.

आशीर्वाद आहेतच, जीभ आवर.
मामा

बुधवार, दि. १९

ती. मामास,
सा. न. वि. वि.

खुलासा वाचून साहेब इतके खूश, की तो त्यांनी लिफ्टशेजारी चिकटवला. काल दुपारी ते स्वतःच चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधे अडकले. लिफ्टमधल्या फोनवरून विचारलं, वेळ लागेल का? होय साहेब. मग बारीक आवाजात, खाली पडेल का गं? मामा, दोर ठणठणीत आहेत, ती कसली पडतेय! पण लेखी दिलं होतं ना. होय साहेब, म्हटलं.

मग अख्ख्या पाचव्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, अगं बाई, एकदा तरी नाही म्हण! मेमो रद्द, खुलासा रद्द, खरं काय ते बोल! तेव्हा सांगितलं, पडणार नाही, पण दोन दिवस बंद ठेवावी लागेल. ते म्हणाले, होय.

मेमो आज त्यांनीच फाडला.

लाड चालू ठेव.
पक्कड

शनिवार, दि. २२

चि. पक्कड हीस,
अ. उ. आ.

नोकरी वाचली, जीव भांड्यात पडला. घोळ एवढाच, की तुझं पत्र मामीने माझ्याआधी वाचलं. कालपासून ती फक्त होय म्हणते. हा शर्ट मला घट्ट होतोय का? होय. माझं काही चुकलं का? होय. बावीस वर्षं उलटून बोलणाऱ्या बाईबरोबर मी किती सुखात होतो, हे आत्ता कळतंय.

मी तिला मेमो दिला नव्हता गं! उद्याच ये, आणि येताना पाने-पकडी घेऊन ये.

लोभ ठेव, या घरात सध्या तुझाच उरलाय.
मामा