सासूबाईंसाठी पैलवान

आदरणीय साडूभाऊ,

तुम्हाला आणि ताईंना वाकून नमस्कार (कंबर जेवढी वाकते तेवढा, का ते पुढे येईलच). तुमच्या गुडघ्यातून उठताबसता आवाज येतो, असे ताई फोनवर म्हणाल्या. कसला येतो ते नीट कळवा. कुरकुर असेल तर तेलपाण्यावर भागते, कटकट असेल तर पार्ट बदलावा लागतो.

आमच्या घरी बॅटरी आल्याचे तुमच्या कानावर आलेच असेल. तिची खरी किंमत दुकानदाराच्या पावतीवर नाही. ती अशी : माझी कंबर (उंबऱ्यातच गेली), बैठकीच्या फरशीचा एक कोपरा (आम्लाने खाल्ला), शेजारच्या शिंप्याशी असलेले बोलणे, आणि तुमच्या मेहुणीचा माझ्या शहाणपणावरचा विश्वास. पैकी कंबर सुधारते आहे.

तुम्हाला आठवत असेल, सासूबाईंची फुप्फुसे थकली आणि डॉक्टरांनी घरी प्राणवायूचे यंत्र लावायला सांगितले, तेव्हा त्यांनी कुणाकडे राहायचे यावर आपली बैठक झाली होती. तुम्ही म्हणालात, “आमचा तळमजला आहे, दवाखाना समोर आहे आणि आमच्याकडे वीज सहसा जात नाही.” तिन्ही मुद्दे बिनतोड होते. मी म्हणालो, “सासूबाईंचा श्वास माझ्या घरात अडकणार नाही, ही माझी जबाबदारी!” आणि त्यांनी मला निवडले. (मी नकला करून त्यांना फितवले असे तुम्ही नंतर ताईंना म्हणालात. खरे आहे. त्या हसल्या की नाकातली नळी थरथरायची, ते बघायला मला आवडायचे.) त्यांच्या उशाशी मी माझ्या गॅरेजच्या काउंटरवरची घंटा ठेवली. टिंग झाले की घरात कुठेही असलो तरी मी हजर. माझे कान तुम्ही जाणताच. ट्रक नाक्यावर वळला की कुठला नट ढिला आहे ते मी आत बसून सांगतो. या कानांतून टाचणी पडलेली सुटत नाही.

राहता राहिली वीज. ती आमच्याकडे पाहुण्यासारखी येते आणि घरच्यासारखी न सांगता जाते. इन्व्हर्टर घ्यायचे ठरले, तेव्हा तुम्ही फोनवर मला पद्धत सांगितलीत : यंत्र किती वीज खाते ते पाहा, किती तास चालवायचे ते ठरवा, गुणाकार करा, वर थोडे जास्तीचे धरा आणि मग बॅटरी घ्या. इथवर मी ऐकले. पण शेवटी तुम्ही म्हणालात, “आणि काहीही झालं तरी गाडीची बॅटरी घेऊ नका.” तिथे घात झाला. इंजिने धुण्यापासून सुरुवात करून ज्याने बॅटऱ्यांच्या जिवावर घर बांधले, त्याला वीज-कचेरीत टेबलामागे बसून निवृत्त झालेला माणूस बॅटरी शिकवणार? (हे मी तेव्हा मनात म्हणालो. म्हणजे बायको म्हणते की मोठ्याने म्हणालो, पण फोन ठेवल्यावर.)

दुकानदाराने घरासाठीची उंच बॅटरी पुढे केली. मी विचारले, हिने ट्रक सुरू होईल का? तो म्हणाला, “साहेब, हिचं ते कामच नाही. ट्रकची बॅटरी म्हणजे पैलवान. एकदा उचलून आपटतो आणि खुराकाला बसतो. ही हमाल आहे. ओझं घेऊन तासन्‌तास चालते.”

मी म्हणालो, “पैलवानच द्या.”

पहिला महिना पैलवानाने गाजवला. वीज गेली की सगळी गल्ली काळी, आणि आमच्याकडे यंत्र चालू, पंखा चालू, शिवाय टीव्हीसुद्धा (तो कुणी बघत नव्हते, गल्लीला आवाज जावा म्हणून). शिंपी बघायला आला आणि माझ्या शब्दावर त्यानेही तसलीच बॅटरी घेतली. मग हळूहळू पैलवान लवकर दमायला लागला. इन्व्हर्टर कुईकुई करू लागला. बायको म्हणाली, “अहो, हे रडतंय का?” मी म्हणालो, “नवी आहे, रुळतेय.”

परवा दुपारी वीज गेली. सासूबाई पडून होत्या. इन्व्हर्टर कुईकुई करून गप्प झाला, पाठोपाठ यंत्र गप्प झाले. घंटा वाजली, आम्ही धावलो, कपाटामागचा प्राणवायूचा छोटा सिलिंडर काढून नळी जोडली. ओठ निळे झाले होते ते हळूहळू पुन्हा माणसाचे झाले. एकंदरीत निभावले.

बॅटरी गॅरेजात नेऊन तपासली. पुन्हापुन्हा तळापर्यंत उपसलेले या जातीला सोसत नाही, आतल्या पट्ट्या खचतात, असे मी माझ्याच मेकॅनिकला समजावून सांगितले. (वाक्ये तुमचीच. त्याला वाटले माझी.) कालच गुणाकार करून हमाल आणला. इन्व्हर्टरवरून पंखा काढला, टीव्ही काढला, वीज मुद्दाम बंद करून तासन्‌तास यंत्र चालवून पाहिले. कुठे हूं की चूं नाही. तुमचा गुणाकार बरोबर आला, हे लिहून देतो.

पण सासूबाई आता कुशीवर वळत नाहीत. वळल्या तर इन्व्हर्टरचा हिरवा दिवा दिसत नाही. डोळा लागला की दचकून उठतात आणि आधी दिवा बघतात. काल मी बँक-मॅनेजरची नक्कल केली. ती त्यांची आवडती. त्यांनी ती दिव्याकडे बघत ऐकली. बॅटरी बदलता आली, साडूभाऊ.

बाकी सर्व क्षेम. ताईंना माझे रागावणे-बोलणे मनावर घेऊ नका म्हणावे.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : तुमची समोरची खोली रिकामी आहे ना? सासूबाई म्हणाल्या, “थोरलीकडे सोडा मला. रागानं नाही हो जावईबापू. तिथं जरा झोप लागेल.” रविवारी घेऊन येतो. नाही म्हणू नका. आणि मी म्हणालो होतो ते त्या बैठकीत, ते तेवढे दारात काढू नका.

आणखी एक : गॅरेजातला जुना ट्रक आठवडाभर सुरू होत नव्हता. आज त्याला चार्ज केलेला पैलवान जोडला. एका झटक्यात सुरू झाला. दुकानदाराला कळवलेले नाही.

शेवटचे : वर ‘आम्ही धावलो’ लिहिले आहे, ते सासूबाई आल्यावर तुम्हाला दुरुस्त करून सांगतीलच, म्हणून मीच सांगतो. घंटा बऱ्याच वेळा वाजली. ती तुमच्या मेहुणीने स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्टीवरून ऐकली. मी भिंतीपलीकडच्या खोलीत होतो. तक्रार घेऊन आलेल्या शिंप्याला बॅटरीचे गुण सांगत होतो.