दुपारची झोप

वृंदावन योजना, लखनौ
१२ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आजीस,
सानिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं टाळत होते, हे आधीच सांगून टाकते. दिवाळीपासून कागद उशाशी पडलाय. तू एकच विचारलंस, अनीश माझी आठवण काढतो का, आणि त्याचं उत्तर मला लिहवत नव्हतं. आजी, तो तुझं नावच काढत नाही गं. समीरमामा विषय काढतो, अनघामामी तुझा फोटो दाखवते, तर हा खेळण्यातलं इंजिन घेऊन पलंगाखाली. व्हिडिओ कॉलचं तर तुला माहीतच आहे. हॅलो म्हणतो, फोन टाकून पळतो आणि तू बिचारी आमच्या हॉलचा पंखा बघत बसतेस. तोंडी सगळी हिंदी, तीही इथली. काल जेवायला हाक मारली तर म्हणाला, हम अभी नहीं आएँगे. वय वर्षं चार आणि स्वतःला हम!

मी मजेत आहे. पंधरा दिवसांसाठी आलेली मी अजून इथेच आहे, आईला म्हणावं काळजी करू नकोस, नोकरी लागलीये. खरंच. कॉलेज अर्धवट टाकून गोकर्ण, मनाली करत फिरणाऱ्या मुलीला शाळेत कोण घेणार, पण अनीशच्याच बालवाडीत कांचनताईंनी मला मदतनीस म्हणून घेतलं. त्या मूळच्या नागपूरच्या. त्यांच्या वर्गात पाटी-पुस्तक काही नाही. वाळूचा हौद, पाण्याचे टब, मातीचे गोळे, ठोकळे आणि घर-घर खेळायचा एक कोपरा. मुलं खेळत शिकतात, आपण खाली बसून बघायचं. हे काय केलंस असं विचारायचं नाही आणि मुलांनी बोलावल्याशिवाय खेळात शिरायचं नाही. मला गप्प बसवणारी ही आयुष्यातली पहिली शाळा. कोपऱ्याला पडदा हवा म्हणून मला अमीनाबादच्या बाजारात पाठवलं, तर मी कापडाच्या गल्लीत जायचं सोडून बटणांच्या दुकानात शिरले. काय बटणं होती, आजी! शिंपल्याची, लाकडाची, एक तर हुबेहूब चिंचोक्यासारखं. पडदा आणला हं, शेवटी.

बघ, सांगायचं ते राहिलंच. त्या कोपऱ्यात एरवी नुसता दंगा. पण गेला आठवडाभर तिथे सगळे कुजबुजतायत, भांडी अलगद ठेवतायत. गादीवर एक उशी, तिच्यावर माझी ओढणी पांघरलेली. मला वाटलं बाहुली आजारी पडली. डोकावले, तर पूर्वा नावाची एक ठमी पुढे झाली आणि मलाच दटावलं की दीदी, शोर मत कीजिए, अनीश की दादी सो रही हैं.

मग मात्र लिहायला बसले. आजोबांचा राग उतरला असेल तर त्यांना नमस्कार सांग, नसला तरी सांग. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर मी नको म्हणणार नाही.

तुझी,
सानिका

कराड
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सानिकास,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. तुझं बारीक अक्षर मला चष्म्यानेही लागत नाही, त्यामुळे वाचायचं काम ह्यांच्याकडे. समीरच्या घरचं काही कानावर नको, असं जूनपासून चाललंय. पण पत्र समीरचं नाही, नातीचं आहे, अशी पळवाट काढून वाचतात, तेही चांगलं खड्या आवाजात.

म्हणजे मी उशी झाले! तोंड तरी उघडं ठेवलंय ना? नाहीतर पोरांना वाटायचं, म्हातारी गेलीच. खूप हसले, आणि मग घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. अगं, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दुपारी तासभर झोप सांगितली. जूनपर्यंत अनीश इथेच होता, तेवढा तास सोडला तर हे पोर दिवसभर माझ्या मागे. न्हाऊ घातलं मी, भरवलं मी, आणि पठ्ठ्याने लक्षात काय ठेवलं, तर माझं झोपणं!

मला यायचंय गं. एकदा त्याला जवळ घ्यायचंय. पण एवढा लांबचा प्रवास मला एकटीला झेपणार नाही आणि हे हलायला तयार नाहीत. समीरचंही चुकलंच. पोर रडेल, म्हणून हे बाजारात गेलेले असताना त्याला गाडीत बसवून नेलं. हे त्याच्यासाठी चिकू घेऊन आले, तर घर रिकामं. समीरच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार नाही, हे तेव्हापासून. मीही भांडले, रुसले, आता तो विषयच सोडलाय.

तू एक कर. उशीपाशी बसून तो नेमकं काय करतो, ते नीट बघ आणि मला कळव. मला थोपटतो का? काही बोलतो का? तेवढा वेळ बटणं बघू नकोस.

आईला आठवड्यातून एकदा तरी फोन करत जा. पोटभर जेव, आणि आम्हा दोघांना विसरू नकोस.

तुझी,
आजी

वृंदावन योजना, लखनौ
५ डिसेंबर २०२५

ती. स्व. आजीस,
सानिकाचा शि. सा. न. वि. वि.

बघितलं, रोज बघितलं. तो तुला थोपटत नाही. बोलत तर नाहीच. ओळीने सांगते, म्हणजे तसा प्रयत्न करते.

आधी चपला काढून हातात घेतो आणि लांब नेऊन ठेवतो. मग भिंतीवर नसलेलं बटण फिरवून पंखा हळू करतो, उशीकडे बघतो, आणखी जरा हळू करतो. मग खिडकीशी जाऊन सब्जीवाल्याला हात करतो, ओरडू नको म्हणून. सब्जीवाले भैया खरे आहेत बरं का! शाळेपाशी आले की हल्ली मुकाट्याने गाडी ढकलतात. कांचनताईंच्या मटारची त्यामुळे पंचाईत झालीये. मग दारात पाट टाकून बसतो आणि कोणाला आत सोडत नाही. मध्येच त्याला खोकला येतो, खोटा. लगेच टॉवेल तोंडावर घट्ट दाबून धरतो, अगदी लाल होईपर्यंत, आणि मग वाकून बघतो, जाग तर नाही ना आली.

कांचनताई म्हणतात, मुलं असं मनाने रचत नाहीत, हे त्याने कुठेतरी बघितलंय. त्याला दुपारी झोपवून तू असं करायचीस का? आता उलटं करून खेळत असेल. त्याला विचारलं असतं, पण विचारायचं नाही ना.

इथे थंडी सुरू झालीये. पेरू काय गोड मिळतायत! बाकी पुढच्या पत्रात. रागावू नकोस, आठवण ठेव.

तुझी,
सानिका

कराड
१४ डिसेंबर २०२५

चि. सानिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी कशाला असं करीन? मी झोपते तेव्हा मला जगाची शुद्ध नसते. माझ्या झोपेत घरात एवढं काही चालतं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

हे नेहमीसारखे मोठ्याने वाचत होते. चपला झाल्या. पंख्यापाशी आवाज खाली गेला. भाजीवाल्यापाशी घसा खाकरला. टॉवेल आला आणि थांबले. मी म्हटलं, वाचा की पुढे. तर म्हणाले, अक्षर लागत नाही. कागद माझ्या हातात दिला आणि मोटर बंद करायला परसात गेले. मोटर चालूच नव्हती. उरलेलं मी भिंग घेऊन वाचलं.

चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, ह्यांना माझ्या दुखण्याचं काही नाही, दुपारी खुशाल पेपर वाचत बसतात. आणि अनीश माझाच खेळ मांडतोय, असं समजून मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते. मी नुसती उशी गं. तो ह्यांची नक्कल करतोय. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मग ह्यांच्याकडे बघितलं आणि ते वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं.

त्या दिवशी जेवले नाहीत. आता परवा सांगलीला बाबुरावांकडे चाललेत, नोकरीतले जुने मित्र. जाऊ देत. माणसाला मोकळं व्हायला कोणी लागतं. बॅगेत कानटोपी आणि दोन स्वेटर भरलेत. सांगलीला एवढी कसली थंडी, देव जाणे!

अनीशला माझा पापा दे. कोणाचा, ते सांगू नकोस. शहाण्या मुलीसारखं पत्र पाठवत जा.

तुझी,
आजी

वृंदावन योजना, लखनौ
१९ डिसेंबर २०२५

ती. स्व. आजीस,
सानिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं आणि आज लगेच लिहायला बसले. सुधारले की नाही? शाळेतच लिहितेय. सकाळभर असं धुकं होतं की समोरचं सेक्टर गायब. मुलं आता कुठे वाळूत उतरलीयेत. आणि हे बघ, उशी झाले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. त्या कोपऱ्यात चहा, भाजी, पाहुणे, सगळं त्या उशीच्या कलाने चालतं. तिला काही झालं तर खेळच…

थांब. गेटवर कोणीतरी कांचनताईंशी मराठीत हुज्जत घालतंय.

आजी, आजोबा आलेत. आपले. इथे. एकटे, कानटोपी आणि दोन स्वेटरांसकट, चारबाग स्टेशनवरून ऑटो करून. सांगलीला गेलेच नाहीत. मी म्हटलं घरी चला, तर म्हणतात, मी समीरकडे आलेलोच नाही, मी शाळा बघायला आलोय. तुला फोन लावते म्हटलं, तर नको, लाव, नको, मीच लावतो. गाडीत तुला झेपेल का ते आधी बघून यायचं होतं म्हणे. झेपेल, पण खालचाच बर्थ घ्यायचा, आणि येताना ते स्वतः तुला घेऊन येणार आहेत, असं मला दोनदा सांगून झालं.

अनीश वाळूतून उठला. जवळ आला आणि मान वर करून उभा राहिला. पळाला नाही. आजोबांनीही हाक मारली नाही, काही विचारलं नाही, फक्त कानटोपी काढली. मग त्याने वाळूच्या हाताने त्यांचं बोट धरलं आणि त्यांना ओढतच गेटबाहेर काढलं. शाळा सुटायला अवकाश आहे, पण कांचनताईंनी मला खुणेने सांगितलं, जाऊ दे. दोघं आपल्या घराच्या गल्लीकडे निघालेत. मला मागे धावायला हवं. आजोबा वळून मला ओरडून सांगतायत की मी जात नाहीये, हा मला नेतोय, असं तुझ्या आजीला लिही.

लिहिलं. लोभ बॅगेत भरून घेऊन ये.

तुझी,
सानिका