न कापलेल्या पानांतली भिंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

आलं! एकदाचं घरात आलं! भिंतींवरच्या चित्रांच्या फोटोंचं ते पुस्तक — त्या चिमुकल्या छापखान्याचं शेवटचं. माझा संच आता पुरा झाला. असा संच दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्याने खुशाल पुढे यावं!

गॅरेजमध्ये छापायची ती दोघं, नवराबायको. तो फोटो काढायचा, ती छपाईचे शिशाचे खिळे जुळवायची, आणि चुका दोघं मिळून करायची. मी जीव टाकतो तो त्या चुकांवरच. एका पुस्तकात नववं पान उलटं शिवलंय, एकात मुखपृष्ठावर शीर्षक दोनदा. शाळेतल्या कवितांसारख्या सगळ्या तोंडपाठ आहेत मला.

आणि ही प्रत तर कोरी करकरीत. घड्यासुद्धा कापलेल्या नाहीत! घडी घातलेले कागद ही मंडळी तशीच शिवायची. वाचणाऱ्याने सुरीने कडा कापून पानं मोकळी करायची. हिला सुरी लागलेलीच नाही. शौकिनांत अशा प्रतीचा मान मोठा.

सून म्हणाली, "म्हणजे बाबा, आतलं काही दिसतच नाही?"

"फटीतून दिसतं थोडं."

"मग काय, फट विकत घेतलीत?"

हिला कवितेचाही अर्थच हवा असतो. चाल नको.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला फोन करून फुशारकी मारली. ती म्हणाली, "अरे, तो फोटोवाला आपल्या गल्लीत आला होता. घरं पाडायच्या आधी. तू तेव्हा शिकायला बाहेर. आईची भिंत असेल बघ त्यात."

आईची भिंत! झाड, दोन घोडे, आणि दाराच्या चौकटीपाशी पांढऱ्या रंगात तिच्या पंजाचा ठसा. चित्र पुरं झालं की ती हात बुडवून भिंतीवर दाबायची — तीच तिची सही. मी खाली उभा राहून घोड्यांना कविता म्हणून दाखवायचो. त्या भिंतीचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

"काप ना ती पानं," ताई म्हणाली.

"ताई! अगं, कापायची म्हणजे —"

"माझ्या नजरेचं मधलं गेलंच आहे. कडेकडेचं उरलंय, तेही उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं म्हणतात डॉक्टर. तू बस फटीतून बघत."

आणि फोन ठेवला. ठेवू दे. कापलेली प्रत शोधून काढतो. शोधण्यात मला कोण हरवणार?

८ फेब्रुवारी, रविवार

भिंगवाल्यांकडे जाऊन आलो. माझे जुने स्पर्धक — खिशात सदानकदा भिंग. या पुस्तकाची दुसरी प्रत त्यांच्याकडेच आहे.

"तुमची कापलेली आहे ना हो?"

"काय बोलता! मी काय रानटी वाटलो?"

म्हणजे दोन म्हातारे, दोन प्रती, आणि आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक नाही! सून हे ऐकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग मीही हसलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

फटीतून एका घोड्याचे मागचे पाय दिसले. पुढचे कुणाच्या दारात, कोण जाणे!

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताईला बोलावून घेतलं. राहायलाच आली आहे. तिच्यासमोर सुरी चालवली. कडा कापताना काय सुंदर आवाज येतो! प्रत गेली म्हणायची, पण आयुष्यात असा आवाज किती वेळा ऐकला मी?

ताई कोंबडीसारखी मान तिरकी करून बघत होती. तसंच दिसतं तिला. शेवटच्या घडीत निघाली — झाड, दोन घोडे, चौकट, ठसा.

"थांब," ताई म्हणाली. "अंगठा कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे."

"मग तो उजवा हात. आई डावखुरी होती रे. डाव्याशिवाय दुसरा हात कधी लावला नाही तिने भिंतीला."

नीट पाहिलं. झाडही दाराच्या भलत्याच बाजूला. सगळ्याच बायका घोडे काढायच्या. हे दुसऱ्याच कुणाचे.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझी ती घोड्याची कविता म्हण."

म्हटली.

"दुसरी ओळ खाल्लीस. तेव्हाही खायचास."

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दाढी करत होतो. मागे कपाटावर पुस्तक तसंच उघडं उभं. आरशात सहज नजर गेली — झाड जागच्या जागी. आमची चौकट. आणि डावा हात!

फोटोच उलटा छापलाय लेकांनी! त्यांची सगळ्यात मोठी चूक, आणि ती घडीत बंद!

तोंडाला साबण तसाच. ताईला हाताला धरून आरशासमोर उभं केलं, मागून पुस्तक उंच धरलं. तिने मान तिरकी केली. मग आपला डावा पंजा काचेवर टेकवला.