हिरव्या बांगड्या

मंगळवार, संध्याकाळ

फाटकाला पुडी अडकवलेली सापडली, म्हणून लिहिते आहे. आत बारा हिरव्या बांगड्या आणि चिठ्ठी: ‘दीदी, कल अकेली आना.’

या घरात दीदी नाही. माझा निखिल आहे, कमरेपर्यंत केस वाढवलेला. गेले तीन दिवस तो खमरियाच्या बसमधून उतरला की एक स्कूटर त्याच्या मागे येते.

“आई, घाबरून काहून राहिली? मी तर पोरगा आहे.”

“हे त्याला कळेल तेव्हा?”

निखिल हसायचा थांबला.

चौकीत दाराशी पाठमोऱ्या उभ्या निखिलकडे पाहून हवालदार म्हणाला, “माताजी, पहले लड़की को समझाइए, बाल बाँधकर निकले.” मी चूक दुरुस्त केली नाही. मुलगा म्हटलं असतं तर हसला असता.

दिलं: चिठ्ठी, बारा बांगड्या, स्कूटरचा नंबर. पावती मिळाली नाही.