दार लाव की दार उघड

२ डिसेंबर
मेनिर आली! नात रेडिओत लागल्यापासून बोलत नाही, मुलाखतच घेते. आमच्या गाण्याचा इतिहास हवाय तिला. आता अख्खा वेल्स नाताळात ते म्हणतो, दुकानात बटाटे निवडताना सुद्धा वाजतं. "आजी, गाणं रचलं कुणी? आणि खरे शब्द कुठले?"
आमच्या घरचे म्हणतात, 'बाळ आलं उंबऱ्याशी, दार लाव.' पलीकडच्या शेतावरचा इद्वल म्हणतो, 'दार उघड.' वर तिला सांगतो कसा, "बाळ येशू येतोय आणि दार लावून घेतंय कोण? लौरीचं खानदान!" मेला!
आमच्या चर्चमध्ये सहा जानेवारीला नाताळगाण्यांची संध्याकाळ असते. नेम असा, की एका घरानं म्हटलेलं गाणं त्या संध्याकाळी दुसऱ्यानं म्हणायचं नाही. नाव पुकारत नाहीत, ज्यानं त्यानं उठून पुढं जायचं. म्हणून दर वर्षी माझी नि इद्वलची शर्यत. मागल्या खेपेला त्यानं कोपर मारलं! मी सपाट बूटच घालते, धावायला.

५ डिसेंबर
खरं काय ते इथंच लिहिते. आईनं सांगितलेलं.
कात्रिन पणजीनं ते गाणं गाई पिळताना रचलं. तिला लिहिता येत नव्हतं. (मला तरी कुठं धड येतं!) इद्वलचा पणजोबा रॉबर्ट शिकलेला. तो चुलीपाशी कागद घेऊन बसला, पणजी म्हणत गेली. "बाळ आलं उंबऱ्याशी—" पुढं यायचं होतं 'दार उघड', पण तेवढ्यात आमचे पणजोबा मेंढरांकडून आले, दार सताड! वारा आत, मेणबत्ती गुल. पणजी ओरडली, "दार लाव!" रॉबर्टनं मान खाली घालून तेही लिहिलं!
पणजी हसून हसून बेजार. मग जन्मभर मुद्दाम तसंच म्हणाली. रॉबर्टच्या पोरांना लाज वाटली, त्यांनी 'उघड' केलं. आणि अक्षर त्याचं, म्हणून गाणंही त्याचं म्हणे!
आता पंचाईत बघा. गोष्ट सांगावी, तर गाणं आमचं, पण शब्द इद्वलचे बरोबर. गिळावी, तर गाणंच जातं. मेनिर म्हणते, "सहा जानेवारीला चर्चमध्ये रेकॉर्ड करणार. त्याआधी सांग हं."

९ डिसेंबर
मनुकांचा पाव केला. मनुका जास्त पडल्या. छान झालाय.

१४ डिसेंबर
दुकानात इद्वल भेटला. "गुडघे कसे आहेत, लौरी? यंदा धावणार ना?" मी म्हटलं, "तुझ्या आधी पोचण्यापुरते आहेत! यंदा तुमच्याकडून कोण—" आणि जीभ चावली. त्याचा भाऊ ग्विलिम वसंतात गेला. दोघंच म्हणायचे ते.
"मी आहे की," म्हणाला. टोपी नीट केली. आधीच नीट होती.

६ जानेवारी
पहिली चार गाणी झाली. मी उठलेच नाही! इद्वल मागं वळून बघतोय, मी छताकडं. शेवटी एकटाच गेला बिचारा. पहिल्या कडव्यातच आवाज चिरकला.
मग मात्र उठले. जाऊन शेजारी उभी राहिले. आता दोन घरांनी एकत्र म्हणायचं नाही असा काही नेम नाही!
तिसरं कडवं आलं, दाराचं. मेनिरचा माईक समोर. म्हटलं, जाऊ दे पणजी, आज त्याला जिंकू दे. मी खणखणीत म्हटलं, "दार उघड!"
आणि तो म्हणाला, "दार लाव!"
चर्चभर हशा. पाद्रीबाईंनी तोंडावर पुस्तक धरलं.

७ जानेवारी
सकाळी इद्वल कागद देऊन गेला, रॉबर्टच्या हातचा. खाली लिहिलंय, "गाणं कात्रिनचं. चूक माझी. तिला आवडली, राहू दिली."
"कधीपासून माहीत होतं तुला?"
"लहानपणापासून."
"मग भांडलास कशाला रे इतकी वर्षं!"
"तू धावत यायचीस, लौरी."
चारला चहाला येतोय. टाचेचे बूट कपाटातून काढलेत.