डोकं उत्तरेला नको

ती. आत्याबाई,

हे पत्र टाकायची छाती होणार नाही, तरी लिहितेय.

पोर्तुगालातल्या खेड्यात सुट्टीसाठी घेतलेलं आमचं जुनं घर दुरुस्त होत आलंय. गवंड्याशी त्याच्या भाषेत भांडायलाही शिकले मी. मागची खोली तुमची, असं तुमचा लेक तुम्हाला गावी, गुंजवण्याला फोन करून सांगायचा ना? झोपताना तुमचं डोकं उत्तरेला नको, म्हणून बाजेची जागा मीच खडूनं आखली होती. काल तिथं कमोड बसला. खोली आता पाहुण्यांना भाड्यानं देणार. मी भांडले, तर हे म्हणाले, “आईला इथं करमायचं नाही. तूच समजाव.”

समजवायलाच फोन लावला. तुम्ही हसत म्हणालात, “म्हस दिली गं शेजारच्या सोपानला. आता कवा बी न्या.”

मी म्हणाले, “बरं केलंत.”

आत्याबाई, म्हैस परत आणा.

तुमची सून,
स्नेहल