सुईवरचं नाणं

बाबा,

शेवटी रेकॉर्ड प्लेअर घेतला. तुम्ही असता तर दुकानातच माझा पाणउतारा केला असता, कारण तुमच्या लेखी हे खेळणंच: हलकं प्लास्टिक, रबरी पट्ट्यावर फिरणारी थाळी, मागे कॉम्प्युटरला जोडायची वायर. तुमचा तो जड, लाकडी पेटीचा प्लेअर आईने तुमचं तेरावं झाल्यावर लगेच भंगारवाल्याला देऊन टाकला. मी अडवायला गेले तर म्हणाली, "त्याका माज्या नजरेसमोरसून जावंदे." रेकॉर्ड मात्र तिने दिल्या नाहीत. जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या, आणि मरोळची चाळ सोडून आम्ही नाहूरच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ती ट्रंक टेम्पोत मागे टाकू दिली नाही. ड्रायव्हरशेजारी बसून पायाशी धरून आणली. मला तेव्हा तिचा राग आला होता. मला वाटायचं, रेकॉर्ड तुमच्या आहेत.

आता इतक्या वर्षांनी प्लेअर कशाला, तर आईचा कान चाललाय. डावा तुम्हीच घालवलात, जेवणात मीठ कमी पडलं त्या दुपारी, उघड्या हाताने. त्यातून पू यायचा आणि ती शेजारणींना सांगायची की विहिरीत पोहताना पाणी गेलं. मरोळात विहीर! कोणी विचारलंही नाही कुठली ते. उजवा आता वयाने चाललाय. डॉक्टर म्हणाले, मशीन लावून बोलणं कळेल, पण गाणं गाण्यासारखं लागणार नाही, जे ऐकायचं ते आत्ताच ऐकवा. परतताना रिक्षात तिने माझ्या मांडीवर थोपटलं. मग म्हणाली, "माका तां गाणा एकदा पुरा आयकूक व्हया." कुठलं, ते विचारावं लागलं नाही.

तुम्हालाही कळलं असेल. रविवारी तुम्ही लग्नाकार्यांना लाउडस्पीकर लावायला जायचात, तिथून कोणीतरी दिलेली ती छोटी रेकॉर्ड. कव्हर नाही, गाणारी बाई कोण ते तुम्हालाही माहीत नव्हतं. गाण्यात खाडीच्या धक्क्यावर उभी असलेली सासुरवाशीण, माहेरी न्यायला भाऊ येईल म्हणून वाट बघणारी. दुसऱ्या कडव्यात लांबवर होडी दिसते, आणि तिथे सुई उडते. भाऊ आला की नाही हे आमच्या घरात कधीच कोणाला कळलं नाही. मोबाईलवर मी शोध शोध शोधलं, हे गाणं जगात दुसऱ्या कोणाकडे असल्याचं दिसत नाही. आईचा स्वतःचा भाऊ एकदा आला होता, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्याला चहा पाजलात, गाणी ऐकवलीत. तो खूश होऊन गावी परत गेला आणि सगळ्यांना सांगत सुटला की आमची बहीण सुखात आहे.

तर मी अंधेरीला एका दुकानात गेले. विकणारा तरुण गोड बोलत होता. सुटकेससारखा उघडणारा एक प्लेअर पुढे केला, आतच स्पीकर. "मॅडम, हा घ्या ना, एकदम झकास पीस आहे. स्वस्तात काम होतं, आवाज पण फुल." मी म्हटलं, फुल आवाजाचा नको. तो हसला. त्याला काय माहीत की आमच्या घरात आवाज फुल कधी व्हायचा. तुम्ही आधी दार लावायचात, मग बटण फिरवायचात, मग आईकडे वळायचात. शेजारच्या काकू मला नळावर म्हणायच्या, तुमच्याकडे बाई सारखी गाणी, भाग्यवान आहेस. मी हो म्हणायचे. माझ्या पाठीवर वायरीचे वळ असायचे आणि मी हो म्हणायचे.

मग त्याने विचारलं, अठ्ठ्याहत्तर स्पीड लागेल का, जुन्या लाखेच्या रेकॉर्ड असतील तर लागतो. मी नाही म्हटलं. आपल्याकडे होत्या त्या, आजोबांच्या. लाखेची रेकॉर्ड काचेसारखी फुटते. शेवटची फुटली ती आईच्या कपाळावर, आणि तुम्ही खाली बसून तुकडे गोळा करत होतात, हळहळत, एकेक तुकडा पदरात घ्यावा तसा. आई पलीकडे भिंतीला टेकून रक्त पुसत होती. रेकॉर्डवर बोटाचा ठसा उमटलेला तुम्हाला खपायचा नाही. कडेला धरायची, मलमलच्या फडक्याने पुसायची, श्वाससुद्धा तिच्यावर पडू द्यायचा नाही. असले हलके हात होते तुमचे. मला ते आठवलं आणि त्या काउंटरची काच एका बुक्कीत फोडावी असं वाटलं. मी पाणी मागून घेतलं.

पोरगा तसा प्रामाणिक निघाला. सुटकेसवाल्याची सुई जड दाबते, चांगल्या रेकॉर्ड खरवडते, हे त्याने दोनदा विचारल्यावर कबूल केलं. शेवटी मी असा घेतला की ज्याच्या दांडीला मागे वजन असतं, ते फिरवून सुईचा भार कमीजास्त करता येतो. स्पीकर नाही. सुईचा बारीक आवाज वाढवायची सोय आतच आहे, आणि वायर थेट लॅपटॉपमध्ये जाते. रेकॉर्डिंग होताना खोलीत कोणी खोकलं, काही पडलं, तरी त्यात येत नाही, फक्त गाणं येतं. त्याने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे पूर्वीही असंच होतं.

काल सकाळी बसवला. रेकॉर्ड साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली. आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, बाजूला छोटा स्पीकर, उजव्या कानाकडे. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुई टेकवली. तीच खरखर, मग तोच आवाज. आईने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. पहिलं कडवं गेलं, दुसरं आलं, लांबवर होडी दिसली, आणि टक्. परत होडी, परत टक्. "हंयच," आई डोळे न उघडता म्हणाली. "थयच असा तां अजून."

असणारच. रेकॉर्ड घरी आणून पहिल्यांदाच लावली होती, दुसरं कडवं चालू होतं, तुम्ही आईला टेबलावर ढकललंत तेव्हा सुई आडवी ओढली गेली आणि तो चरा पडला. मग चरा पडला म्हणून तुम्ही तिला परत मारलंत. मी खाटेखाली होते. त्या दिवसापासून तुमची युक्ती सुरू झाली. मारायच्या आधी सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचं, म्हणजे कितीही आदळआपट झाली तरी सुई जागची हलत नाही, गाणं अखंड चालतं. टिक् करून नाणं बसलं की मी खाटेखाली जायचे, आणि आई कोपर वर करून डोकं झाकायची. मग तुम्ही तिला म्हणायचात, "अजून हात तरी लावलंय मी? नाटकां कित्याक करतस?" आणि मग लावायचात. म्हणजे बघा, नाणं नसलं की गाणं तिथे उडायचं, तुम्ही वैतागून सुई उचलायचात. नाणं असलं की गाणं पुढे जायचं, पण तेव्हा ऐकायला कोण होतं?

मी भार थोडा वाढवला. टक्. अजून थोडा. टक्. मला वाटतं मी चिडले होते. तिच्यासाठी एवढं केलं आणि एक चरा ऐकत नाही. बटणांच्या डब्यात एक जुनं नाणं होतं, चार आण्याचंच, आता कुठे चालत नाही म्हणून पडून राहिलेलं. हात आपोआप तिकडे गेला. नाणं घेतलं, सुईच्या डोक्यावर ठेवलं. टिक्.

बहिरी होत चाललीय म्हणतात ना डॉक्टर. मोठ्याने हाक मारली तरी तिला दोनदा मारावी लागते. ती टिक् तिला ऐकू आली. मी वळले तर तिचं कोपर वर, डोकं दोन्ही हातांत, गुडघे खुर्चीत पोटाशी ओढलेले. मशीन कानातून निघून लोंबकळत होतं. ऐंशी ओलांडलेली बाई, आणि तोंडातून तोच आवाज, कुत्र्याच्या पिल्लाला पाय लागल्यावर येतो तसा. मी जागची हलले नाही. मागे गाणं तो चरा ओलांडून सरळ पुढे गेलं, तिसरं कडवं झालं, संपलं. आम्हा दोघींपैकी एकीनेही ऐकलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने हात खाली घेतले. "तां काढ," म्हणाली. मी नाणं काढून खिडकीतून खाली भिरकावलं. तिच्या पायाशी बसले, मशीन परत कानात घातलं. ती माझ्या डोक्यावर हात फिरवत होती, जणू मार मला बसला होता. मग मला लॅपटॉप आठवला. सगळं रेकॉर्ड झालं होतं, शेवटपर्यंत, आणि त्यात तिचा आवाज नव्हता.

सुई अडकून राहिलेला भाग कापून टाकला आणि संध्याकाळी चहा झाल्यावर तिला ऐकवलं. होडी दिसली, हलकीशी टक् झाली, आणि बाई पुढे गात राहिली. भाऊ येतो, बाबा. होडी धक्क्याला लागते आणि तो बहिणीला हात धरून चढवून घेतो. आई शेवटची खरखर संपेपर्यंत ऐकत राहिली. मग साडीच्या पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "गाण्यात येतत ते." परत लाव असं मात्र म्हणाली नाही. ती टक् पुसून टाकायची सोय लॅपटॉपमध्ये आहे. मी पुसली नाही. तुमची तेवढी एक सही राहू दे.

आज ती गाढ झोपलीय दुपारची, आणि मी हे लिहितेय. तुम्हाला लिहायला पत्ता नाही आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढची ओळ तुम्ही वाचलेली मला चालणार नाही. काल ती अंग चोरून बसली होती, मी तिला शिवलेही नव्हते, आणि मला तिची दया आली नाही, आधी राग आला. माझी मूठ वळली होती. ओठांपर्यंत आलेले शब्द मी गिळले, पण ते आले होते, आणि तुमच्याच भाषेत आले होते: अजून हात तरी लावलंय मी?